डीएमची सीट आणि बॉण्डमधला एक दिवस : माझा अनुभव

नेफ्रॉलॉजीला, म्हणजे किडनीच्या डीएमला (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटीची डिग्री), जॉईन होऊन आता बरेच महिने झाले, पण त्या स्टुडंट सेक्शनची खिडकी आठवली की अजून माझंच बीपी वाढतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय. एमडी मेडिसिन करणारे ज्युनियर सारखे विचारतात, मॅडम डीएमची तयारी कशी केली, नोट्स कुठले, किती तास बसायचात. अरे बाबांनो, अभ्यासाचं सांगायला शंभर जण आहेत, कागदांचं कोणी सांगत नाही.

आमची २०२० ची बॅच, म्हणजे पहिलं वर्ष अख्खं पीपीई किटमध्ये गेलं. थीसिस, चार पेपर, लाँग केस, शॉर्ट केस, सगळ्यांचं होतं तसं माझंही झालं. सरकारी कॉलेज म्हणून एक वर्षाचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी नोकरी, मोडायचा तर ५० लाख, म्हणजे मोडायचा प्रश्नच नाही. बाकीच्यांनी मेडिकल कॉलेजमधल्या एसआरच्या (सीनियर रेसिडेंट) जागा धरल्या, मी घर जवळ म्हणून जिल्हा रुग्णालय घेतलं. यात एक गोम होती, तेव्हाच्या नियमाने पुढे असिस्टंट प्रोफेसर व्हायचं डोक्यात असेल तर कॉलेजमधलं एसआरचं वर्ष लागायचं, मेडिकल ऑफिसर म्हणून काढलेलं बॉण्डचं वर्ष त्यात धरत नव्हते. हे मला जागा घेतल्यावर कळलं.

तरी वाईट वाटत नाही, कारण नेफ्रो घ्यायचं तिथेच ठरलं. तोपर्यंत मी पण सगळ्यांसारखी कार्डिओ कार्डिओ करत होते. पावसाळ्यात एक शेतकरी आला, घोणस चावलेली, टेस्ट ट्यूबमधलं रक्त २० मिनिटांनी पण पाण्यासारखं पातळ, एएसव्ही (सर्पदंशावरची लस) दिलं, रक्त गोठायला लागलं पण लघवी बंद. तीन आठवडे एक दिवसाआड डायलिसिस, टेक्निशियन आणि मी. एका सकाळी राउंडला गेले तर त्याची बायको लघवीचं भांडं घेऊन दारातच उभी, तळाशी जेमतेम कपभर, पण ती असं दाखवत होती जसं काही मुलाचं प्रगतिपुस्तक. तेव्हाच ठरलं. एमडी करताना ब्रँचचा विचार करणाऱ्यांनी एवढंच करा, रँकच्या लिस्टकडे बघण्याआधी आपल्याला कुठल्या पेशंटजवळ घड्याळ बघावंसं वाटत नाही ते बघा.

नीट एसएस (डीएमची प्रवेश परीक्षा) झाली २०२५ च्या मार्चअखेर. १५० प्रश्न, चूक झाली की एक मार्क वजा, सगळं जनरल मेडिसिनमधूनच. आयएनआय-एसएस (एम्स वगैरे संस्थांची वेगळी प्रवेश परीक्षा) पण देऊन ठेवा, ती वर्षातून दोनदा होते. सीटवाटपाच्या पहिल्या राउंडला काही नाही, दुसऱ्याला एका गुरुवारी संध्याकाळी बाहेरच्या राज्यात नेफ्रो लागली. रिपोर्टिंग पुढच्या बुधवारपर्यंत. नाही गेलं तर सीट गेलीच, वर २ लाखांचं डिपॉझिट पण.

आता माझी चूक. बॉण्ड संपून महिने झाले होते, पण माझे ओरिजिनल, म्हणजे मूळ सर्टिफिकेट, अजून एमडीच्या कॉलेजातच, बॉण्ड पुरा भरल्याचं बघूनच ते देतात. परीक्षा झाल्यावर बघू, रिझल्ट लागल्यावर बघू. शुक्रवारी सकाळी दहाला स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर हजर. तिथले साहेब साडेअकराला आले. माझी फाईल काढली, रुजू अहवाल आणि कार्यमुक्तीचा आदेश शेजारी शेजारी ठेवले, कॅलेंडर काढलं, पेनाचं टोपण एकेका महिन्यावर टेकवत पुटपुटत मोजलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा एक दिवस कमी भरतोय."

झालं असं होतं की पहिल्या दिवशी एसटी बंद पडली म्हणून मी दुपारी तीनला पोचले, तर रुजू अहवालात 'मध्यान्होत्तर' पडलं. शेवटच्या दिवशी सकाळीच सोडलं, तिथे 'मध्यान्हपूर्व'. दोन अर्धे मिळून एक दिवस गायब! मी म्हटलं, सर पहिल्याच रात्री मला कॅज्युअल्टीला लावलं होतं, सकाळपर्यंत झोपले नाही. म्हणाले, "असेल हो, पण कागदावर नाही ना." आणि डबा उघडला. मी रागाने काहीतरी बोलले, ते बोलायला नको होतं, त्यानंतर त्यांनी माझ्याकडे बघणंच बंद केलं. मेडिसिनच्या ऑफिसमधले शिपाई मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, भांडू नका, तिकडून दुरुस्तीचं पत्र आणा, हा माणूस कागद बघितला की मऊ होतो."

शनिवार-रविवार सुट्टी. ते दोन दिवस कसे काढले मलाच माहीत, बाबा म्हणत होते कोणाची ओळख काढू का, मी त्यांच्यावरही ओरडले. सोमवारी सकाळी जिल्हा रुग्णालयात. आस्थापना विभागात माझं हजेरीपत्रक सापडेना. शेवटी कॅज्युअल्टीच्या सिस्टर म्हणाल्या जुनं रजिस्टर बघू, आणि निघालं, पहिल्या रात्री २ वाजून ४० मिनिटं, पोटदुखीची केस, खाली माझी वेडीवाकडी सही. त्या पानाची झेरॉक्स लावून आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) सरांनी पत्र तयार केलं. सिव्हिल सर्जन मीटिंगला, मग मी कलेक्टर ऑफिसच्या पार्किंगमध्ये दीड तास उभी, ते बाहेर आले, गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली आणि विचारलं, "नेफ्रो मिळाली? मग इकडे परत ये."

मंगळवारी पत्र खिडकीवर. साहेबांनी आवकचा शिक्का मारला, वाचलं, परत टोपणाने मोजलं आणि म्हणाले, "हां, आता भरलं." जसं काही शुक्रवारी काही झालंच नव्हतं. मग लायब्ररीचं नो ड्यूज राहिलंय म्हणून तिकडे धावले, ४० रुपये दंड. साडेचारला ओरिजिनल हातात, रात्रीची ट्रेन.

तर बॉण्ड सुटला की त्याच आठवड्यात ओरिजिनल काढून आणा. रुजू व्हायला सकाळी जा, आदल्या दिवशी जाऊन लॉजवर राहावं लागलं तरी. ज्या दिवशी काम केलं त्या दिवशीची आपली सही कुठेतरी आहे याची खात्री करा. आणि मामा, मावशी, सिस्टर यांच्याशी नीट वागा, माझी सीट त्यांच्यामुळेच वाचली, हे आधी लिहायला हवं होतं.

बुधवारी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी मी नव्या कॉलेजच्या ऑफिसात होते. जॉईनिंग रिपोर्टवर मोठ्या अक्षरात 'फोरनून', म्हणजे मध्यान्हपूर्व, लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तिथला क्लार्क एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला.