फॉरमॅट करूनही निळा पडदा परत का येतो?

फॉरमॅट करून आठवडाही होत नाही तोच विंडोजच्या लॅपटॉपवर काम मध्येच थांबवणारा निळा पडदा पुन्हा कसा येतो, असे मला ओळखीचे लोक नेहमी विचारतात; आणि विचारण्याआधी त्यांतले बरेच जण नागपूरच्या सीताबर्डीतल्या एखाद्या दुकानात पैसे मोजून आलेले असतात. तुम्हीही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या पडद्यामागे बहुधा ड्रायव्हर असतो, म्हणजे वायफाय, ग्राफिक्स अशा भागांशी विंडोजला बोलू देणारा छोटा प्रोग्राम. असे बहुतेक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. वर्ड किंवा ब्राउझर बिघडला तर तेवढाच बंद पडतो, पण ड्रायव्हरने भलत्याच मेमरीला हात घातला की माहितीचे आणखी नुकसान होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच सगळे थांबवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, ते याच कारणाने. फॉरमॅटने डिस्क कोरी होते, पण आतले वायफाय कार्ड आणि ग्राफिक्सची चिप तीच राहते, आणि इंटरनेट जोडले की विंडोज अपडेट त्यांच्यासाठी बहुधा तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवते.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की सगळा दोष उन्हाळ्याला दिला जातो. तो अगदीच खोटा नाही. मात्र प्रोसेसर फार तापला तर लॅपटॉप सहसा काही न सांगता एकदम बंद होतो. पडद्यावर कारणाचे नाव येत असेल, तर कूलरसमोर बसून फारसा उपयोग नाही.

ते नाव टिपून ठेवावे. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असेल तर संशय ग्राफिक्सवर, कारण चिपने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर नव्याने सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि तोही फसला. झाकण मिटताना किंवा उघडताना ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ येत असेल, तर एखादे उपकरण झोपेत जाताना किंवा झोपेतून उठताना अडकते आहे. खरा पुरावा मात्र विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंप या फोल्डरात असतो; कोसळताना विंडोज तिथे एक छोटी नोंदीची फाइल लिहून ठेवते. मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या मोफत साधनात ती फाइल उघडून विश्लेषणाची आज्ञा दिली की संशयित ड्रायव्हरचे नाव समोर येते. पुष्कळदा तिथे कर्नलचेच नाव दिसते. त्यावर लगेच विश्वास ठेवू नये, कारण यंत्रणा थांबवण्याचे काम कर्नल करतो म्हणून पंचनाम्यात त्याचे नाव येतेच. तीन-चार फाइली शेजारी ठेवून त्यांत विंडोजचे स्वतःचे नसलेले कोणते नाव पुन्हा पुन्हा येते, ते पाहावे. दर वेळी वेगळेच नाव निघत असेल, तर ड्रायव्हर सोडून आधी रॅम तपासावी.

नाव सापडले की उपकरणांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून त्या ड्रायव्हरच्या मागच्या आवृत्तीवर परतता येते. ते बटण फिके असेल, तर मागची आवृत्ती साठवलेली नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा आणि काही दिवस अपडेट थांबवून ठेवावे. सर्वांत नवा तो सर्वांत चांगला, हा समज मला पटत नाही, आणि एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अद्ययावत करून देणारी फुकटची सॉफ्टवेअरे तर मी कोणाच्याच यंत्रावर राहू देत नाही. काहीच हाती लागले नाही, तर विंडोजमध्येच असलेला ड्रायव्हर व्हेरिफायर संशयित ड्रायव्हरांवर मुद्दाम ताण आणून चूक उघडी पाडतो. तो लावण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे गरज पडल्यास विंडोजला परत नेता येईल अशी नोंद, तयार करावा, कारण सुरू होतानाच यंत्र कोसळू लागले तर मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर बंद करावा लागतो.

एवढे करायला वेळ नसेल आणि लॅपटॉप दुकानातच द्यायचा असेल, तर निदान मिनीडंपचे फोल्डर आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण फॉरमॅटमध्ये तेही पुसले जाते.