फॅमिली क्वार्टर्समधला मराठा दिन

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरच्या क्वार्टर्समध्ये ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या वर्षाला दोन मोठे सण असत : ऐन पावसात येणारा गणपती आणि ४ फेब्रुवारीचा मराठा दिन. १६७० साली याच तारखेला तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, म्हणून रेजिमेंट हा दिवस आपला मानते. रेजिमेंटची पहिली पलटण १७६८ सालची, तिला आजही ‘जंगी पलटण’ म्हणतात. सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. हा सगळा इतिहास सकाळच्या कार्यक्रमात सांगितला जाई आणि आम्ही मुले तो शिस्तीत ऐकून घेत असू, कारण संध्याकाळ आमची असे.

लष्कराने जवानांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या विरंगुळ्यासाठी बऱ्याच सोयी केलेल्या असतात, पण एरवी त्या सगळ्या आपापल्या कुंपणात राहतात. जवानांच्या रिक्रिएशन रूममध्ये कॅरम आणि वर्तमानपत्रे असत, जेसीओ म्हणजे सुभेदार वगैरे दर्जाच्या साहेबांचा क्लब निराळा होता, आणि ऑफिसर्स मेस तर आम्ही फक्त तिच्या बागेच्या बाहेरून पाहिलेली. मैदानावर पांढरा पडदा लावून दाखवला जाणारा पिक्चर मात्र सगळ्यांसाठी होता. त्यातही पुढे कोच, मग खुर्च्या, मग बाके आणि शेवटी सतरंज्या, हा क्रम कोणी न सांगता पाळला जाई. सतरंजीवर बसण्यात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही, पण तो क्रम आमच्या लक्षात येत नव्हता असेही नाही. मराठा दिनाच्या आणि गणपतीच्या कार्यक्रमांत ही कुंपणे पूर्ण पडत नसत; थोडी वाकत एवढेच, आणि तेवढे आम्हाला पुष्कळ वाटे.

माझ्या मते या समारंभांचा खरा आनंद त्या दिवसात नव्हता, तो आधीच्या तालमींमध्ये होता. तालमी होत त्या फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये. सैनिक पत्नींच्या कल्याणासाठी १९६६ साली ‘आवा’ ही संघटना स्थापन झाली आणि तिच्या आधाराने अशी केंद्रे ठिकठिकाणी चालतात. आमच्या केंद्रात एरवी शिवण आणि विणकाम शिकवत. जानेवारी लागला की शिवणयंत्रे भिंतीला सरकवली जात, कापडाच्या चिंध्या झाडून काढल्या जात आणि मधली जागा झिम्मा-फुगडीसाठी मोकळी होई. बायका एकमेकींना गावावरूनच ओळखत : साताऱ्याच्या वहिनी, गडहिंग्लजच्या काकू, चिपळूणच्या ताई. प्रत्येकीची फुगडी वेगळी, गाण्याची चाल वेगळी, आणि आपल्या गावची चाल तीच खरी यावर प्रत्येक जण ठाम. चिपळूणच्या ताईंनी एका वर्षी जाखडीचा, म्हणजे कोकणातल्या लोकनृत्याचा, ठेका धरला, तेव्हा घाटावरच्या बायकांची पावले तासभर जुळेनात. शेवटी त्यांनी चक्क पाटावर खडूने पायांच्या खुणा काढून दाखवल्या आणि मग गाडी रुळावर आली. घरी पदराआड बोलणारी माझी आई तिथे सगळ्यांना मोठ्याने ‘डावा पाय, डावा’ असे ओरडताना मी ऐकलेले आहे, आणि तो आवाज परेड ग्राउंडवरच्या कुठल्याही उस्तादापेक्षा कमी नव्हता.

या बायकांपैकी अनेकींचे यजमान त्या वेळी फिल्डला असत. पलटण सीमेवर आणि कुटुंब क्वार्टरमध्ये, असे दोन-अडीच वर्षे चाले. गावी सासरी राहण्यापेक्षा इथे मुलांची शाळा होई, एमआय रूम म्हणजे लष्करी दवाखाना जवळ असे आणि कॅन्टीन हाताशी असे, हे खरे. पण संध्याकाळी सहानंतर क्वार्टर खायला उठे. तालमींनी हे सहानंतरचे तास भरून काढले. कार्यक्रम झाला की त्याचे सविस्तर वर्णन आंतरदेशीय पत्रांतून ‘मार्फत ५६ एपीओ’ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर जाई. आईच्या पत्रात नाचाला दोन ओळी आणि कोणाच्या साडीचा काठ कसा होता याला अर्धे पान असे, अशी तक्रार वडील पुढे कित्येक वर्षे करीत.

दिवसाची सकाळ जवानांची. झांज पथक आणि लेझीम हे सेंटरचे वैभव. नवे रिक्रूट एका तालावर वाकत आणि उठत, तेव्हा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्यांच्या छातीत तो ठेका उतरे. दुपारी मेळा भरे. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, भज्यांचे आणि मिसळीचे स्टॉल हे सगळे कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनासारखेच, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

हाउसीबद्दल, म्हणजे पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायच्या खेळाबद्दल, मात्र लिहिलेच पाहिजे. आकडे पुकारायला शिक्षण विभागाचे एक हवालदार असत. क्लबातली इंग्रजी पुकारणी बाजूला ठेवून ते स्वतःची चालवीत : ‘पांडव, पाच’, ‘हसा की जरा, बत्तीस’, ‘कलांची देवी, चौसष्ट’. छत्तीसचा आकडा निघाला की ते नळाच्या पाण्यावरून वर्षभर भांडणाऱ्या दोन शेजारणींकडे बघत आणि काहीच बोलत नसत. सगळा मंडप मात्र एका सुरात ‘छत्तीस’ म्हणे. एकदा या दोघींतल्या एकीचे फुल हाउस त्याच आकड्यावर झाले. बक्षिसाचा थर्मास घेऊन ती परतली, तेव्हा दुसरीनेच तिला सरकून जागा दिली. नळाचे भांडण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले ते वेगळे.

रात्री बडाखाना. या जेवणात साहेब लोक जवानांमध्ये मिसळून जेवतात, ही सैन्यातली जुनी पद्धत आहे, आणि कुटुंबांसह होणाऱ्या बडाखान्यात ती आमच्याही वाट्याला येई. लंगरात दुपारपासून मोठमोठ्या पातेल्यांत मटण शिजत असे. सुभेदार मेजर साहेब, ज्यांच्यासमोर आमचे वडील एरवी ताठ उभे राहत, ते हातात पुऱ्यांची परात घेऊन ‘वहिनी, अजून एक’ असा आग्रह करीत रांगेतून फिरत. बायका लाजून ताटावर हात धरत आणि पुरी हातावरच पडे.

वडील निवृत्त झाले आणि आम्ही क्वार्टर सोडून गावी आलो. माजी सैनिक म्हणून कॅन्टीनचे कार्ड राहिले, मराठा दिनाचे बोलावणे आले की दोघेही जात. वडिलांना तिथे आता मान म्हणून खुर्ची मिळते. आई खुर्चीवर फार वेळ टिकत नाही. नव्या मुलींचा झिम्मा सुरू झाला की ती उठून विंगेपाशी जाते आणि कोणाचा पाय चुकतो आहे ते त्यांना सांगू लागते.