दगदगीने पिशवी जात नाही

हे लिहायला तीन वर्षं गेली. दुसऱ्या बाळंतपणात माझी पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढावी लागली, आणि अजूनही कुणी "कशामुळे गं?" विचारलं की माझ्या आधी घरातलंच कुणीतरी सांगून मोकळं होतं, आठव्या महिन्यात फार दगदग केली हिने. हे खरं नाही. दगदगीने पिशवी जात नाही हो!

माझं पहिलं सिझर होतं, मध्ये एक गर्भपात झाला आणि क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून खरवडून साफ करणं, करावं लागलं. दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत आलं की वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लासेंटा, खाली पिशवीच्या तोंडाजवळ आहे, पुढच्या बाजूला. बऱ्याच जणींची नंतर वर सरकते असं सांगितलं आणि ते बरोबरच आहे, पिशवी वाढते तशी वार तोंडापासून लांब जाते. माझी नाही गेली, कारण ती नेमकी सिझरच्या जुन्या टाक्यांवर बसली होती. तिथे पिशवीचं आतलं अस्तर नीट भरून आलेलं नसतं, मग वार वरवर न चिकटता थेट स्नायूत शिरते, कधी कधी पार लघवीच्या पिशवीपर्यंत. बाळ झाल्यावर ती सुटत नाही आणि ओढायला गेलं की रक्त थांबत नाही.

2006 साली अमेरिकेत 30 हजारांवर सिझर झालेल्या बायकांचा एक अभ्यास छापून आला होता, तो मी नंतर वाचला. वार तोंडावर असेल आणि आधी एक सिझर झालेलं असेल तर शंभरातल्या 11 जणींची वार अशी रुतलेली निघते, दोन सिझर असतील तर 40, तीन असतील तर 61. हे आकडे मला पाचव्या महिन्यात कुणी सांगितले असते तर घाबरले असते, पण तयारीत तरी असते.

तेहतिसाव्या आठवड्यात रात्री ब्लीडिंग सुरू झालं, अजिबात न दुखता. डॉक्टर मॅडमनी सही घेताना स्पष्ट विचारलं, गरज पडली तर पिशवी काढू ना, आणि मी हो म्हणाले, त्या क्षणी दुसरं काही सुचतही नव्हतं. दिवस भरत आले की पिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त फिरत असतं आणि अख्ख्या अंगात असतं पाच-सहा लिटर, म्हणजे हाताशी किती वेळ असतो ते बघा. बाळाचं रडणं ऐकलं आणि मग मला पूर्ण भूल दिली. त्यांनी वारेला हातच लावला नाही, वारेसकट पिशवी काढली. सहा बाटल्या रक्त चढवलं. लघवीच्या पिशवीला थोडी इजा झाली होती म्हणून नळी घेऊन घरी आले.

सगळ्यांचं कारण हेच असतं असं नाही. कितीतरी जणींची पिशवी बाळ झाल्यावर आवळलीच जात नाही, ढिली राहते, जुळी असतील, कळा फार लांबल्या असतील, पिशवीत मोठ्या गाठी असतील तर जास्त. तेव्हा इंजेक्शनं, मसाज, आत फुगा, पिशवीला बाहेरून टाके, रक्तवाहिन्या बांधणं असं सगळं करून बघतात, आणि तरी रक्त थांबलं नाही तर पिशवी काढतात. त्यात उशीर झाला तर बाई जाते. म्हणून "डॉक्टरांनी घाई केली" असं कुणी म्हणालं की मला खूप त्रास होतो, कारण त्या घाईमुळेच तर मी आज हे लिहितेय.

माझे बीजांडकोश आहेत, हार्मोन्स आहेत. पाळी येत नाही आणि आता मूल होणार नाही, यातलं दुसरं अजून दुखतं, कपाटात जपून ठेवलेली टोपडी मी अजून कुणाला दिलेली नाहीत.

जुनं क्युरेटिंग, गाठीचं ऑपरेशन, आधीचं सिझर, काहीही लपवू नका गं, लाज वाटली तरी सांगा, आणि सिझर झालेलं असेल तर सोनोग्राफीवाल्यांना सरळ विचारा, वार टाक्यावर आहे का? माझ्या धाकट्या जावेचंही पहिलं सिझर आहे. परवा तिची सोनोग्राफी झाली तर रिपोर्ट हातात पडताच तिने आधी मला फोटो पाठवला. वार वरती आहे, मागच्या बाजूला.