सव्वीस ओळी आणि एक पालुपद

बायबलमधली स्तोत्रसंहिता 136 उघडली की पहिल्यांदा डोळ्यांत भरते ते पालुपद. ओळी सव्वीस आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच: त्याची दया सनातन आहे. मनात वाचताना तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर नजर पालुपदावरून घसरायला लागते, आणि यात वाचणाऱ्याचा काही दोष नाही. हे स्तोत्र एकट्याने मुकाट्याने वाचण्यासाठी रचलेलेच नाही. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, अशी त्याची घडण आहे. कीर्तन-भजन ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही घडण शिकवावी लागत नाही. अहमदनगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रुजवले. पुढे नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंगाच्या वळणाची भजने मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या लोकांच्या, तोंडी दिली. झेलून म्हणायची सवय आपल्याकडे तेव्हापासून आहे. तरीही घरच्या उपासनेत हे स्तोत्र बहुतेक वेळा एकजण वाचून टाकतो आणि बाकीचे ऐकतात.

ते गाण्यासाठी पालुपदाच्या मात्रा आधी मोजून घ्याव्यात. त्या 2, ची 2, द 1, या 2, स 1, ना 2, त 1, न 1, आ 2, हे 2. बेरीज बरोबर 16, म्हणजे केरव्याची, या आठ मात्रांच्या तालाची, दोन आवर्तने. पहिल्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर ‘स’ येतो आणि दुसऱ्याच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ‘ना’. ‘सनातन’ या शब्दाचे दीर्घ अक्षर आपसूक समेवर पडते. भाषांतर करणाऱ्यांनी मात्रा मोजून हे केले असेल असे नाही. पण गाताना ‘ना’ वर टाळी पडते तेव्हा तो शब्द अर्थाला साजेसा लांब ऐकू येतो.

साधी चाल हवी असेल तर भूप रागाचे पाच स्वर पुरतात, त्यातलाही धैवत लागत नाही. पहिले आवर्तन: सा – रे – सा रे – ग. दुसरे: प – ग रे रे – सा –. आडव्या रेघेच्या जागी आधीचा स्वर धरायचा. म्हणजे ‘त्या’ षड्जावर, ‘ची’ रिषभावर, ‘द’ पुन्हा षड्जावर, ‘या’ रिषभावर, ‘स’ गंधारावर आणि ‘ना’ पंचमावर. पुढे ‘त’ आणि ‘न’ गंधार-रिषभावर उतरतात, ‘आ’ रिषभावर राहतो आणि ‘हे’ षड्जावर टेकतो. मूळ ओळी गायच्या नाहीत. त्या स्पष्ट, बोलल्यासारख्या वाचायच्या. गायचे ते फक्त पालुपद. सव्वीसच्या सव्वीस ओळी चालीत बसवायला गेले की शब्दांची ओढाताण होते, आणि चाल माहीत असलेले दोघेच गात राहतात.

पट्टी, म्हणजे पेटीवरची ‘सा’ची जागा, काळी एक ते काळी दोन यांच्यामध्ये ठेवावी. ही चाल सा ते प एवढ्यातच फिरते, त्यामुळे पुरुष खालच्या आणि बायका-मुले वरच्या सप्तकात, सगळ्यांनाच सोपे जाते. पेटीवाला स्वतःच्या सोयीने काळी चार किंवा पाच धरतो तेव्हा पुरुषांची पंचाईत होते: वर पोचता येत नाही, खाली आवाज लागत नाही, आणि मग ते नुसते ओठ हलवतात. पेटीचा भाता निम्माच चालवावा. शब्द पेटीच्या वर ऐकू आले पाहिजेत. तबला-ढोलकी नसेल तर पहिल्या मात्रेला टाळी आणि पाचव्या मात्रेला खाली (टाळी न देता हात नुसता बाजूला), एवढ्यावर काम भागते.

सगळ्यात जास्त बिघडते ती लय. दहाव्या ओळीपर्यंत ती हळूहळू वाढते, कारण वाचणारा पालुपद संपायच्या आतच पुढची ओळ सुरू करतो. ‘हे’ वरच्या दोन्ही मात्रा पुऱ्या होऊ द्याव्यात, श्वास घ्यावा, मग वाचावे. मिनिटाला साधारण 120 मात्रांची लय ठेवली तर पालुपदाला 8 सेकंद लागतात आणि ओळ वाचायला पाचेक सेकंद. सगळे स्तोत्र सहा मिनिटांच्या आत होते. एवढा वेळ कुठल्याही घरात निघतो.

चालीबद्दल आणखी एक गोष्ट. आपल्या गीतपुस्तकांत पाश्चात्त्य चालींवर बेतलेली गीते पुष्कळ आहेत आणि त्यांतली कितीतरी मनापासून आवडणारी आहेत. पण त्यांतल्या अनेक चाली समेच्या आधीच्या आघातहीन स्वरावर सुरू होतात. तिथे ‘परमेश्वर’ शब्द आला की ‘प’ अधांतरी राहतो आणि जोर ‘र’ वर पडतो. ऱ्हस्व अक्षर समेवर ताणले की मराठी कानाला शब्द तुटल्यासारखा वाटतो. आपल्या पालुपदातही ‘सनातन’ हा शब्द आठव्या मात्रेवरच सुरू होतो, पण समेवर येणारे ‘ना’ दीर्घ आहे, म्हणून तो तुटत नाही. नवीन चाल लावताना एवढे एकच तपासले तरी पुष्कळ: समेवर कोणते अक्षर येते आहे?

आता स्तोत्राच्या आत काय आहे ते. पहिल्या तीन ओळी बोलावणे आहेत. चौथी ओळ म्हणते की अद्भुत कृत्ये करणारा तो एकटाच, आणि नवव्या ओळीपर्यंत आकाश, पाण्यावर पसरलेली जमीन, सूर्य, चंद्र, तारे. दहाव्या ओळीपासून मिसर (इजिप्त), दुभंगलेला समुद्र, रान, राजे आणि वतन. तेविसाव्या ओळीला एकदम ‘आम्ही’ येतो: आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली. आणि पंचविसाव्या ओळीला अन्न. तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. ताऱ्यांपासून निघून स्तोत्र ताटापर्यंत येऊन पोचते, आणि ताऱ्यांना जे पालुपद तेच भाकरीलाही. मला या स्तोत्रातले सगळ्यात मोठे आश्चर्य हेच वाटते.

म्हणून वाचकही तसेच वाटून द्यावेत. 1 ते 3 घरातल्या वडीलधाऱ्यांनी. 4 ते 9 मुलांनी, आणि जमल्यास ते गच्चीवर किंवा अंगणात, दिवे मालवून. नवव्या ओळीनंतर एक पूर्ण आवर्तन गप्प राहावे. आठ मात्रा मान वर करायला पुरतात. पंचविसावी ओळ त्या दिवशी ज्याने किंवा जिने स्वयंपाक केला त्यांनी वाचावी. सगळ्यांच्या हातात एकाच भाषांतराची प्रत हवी. एकाकडे पवित्र शास्त्र, दुसऱ्याकडे सुबोध बायबल, तिसऱ्याच्या मोबाइलवर आणखी काही, असे झाले की पालुपदाचे शब्द जुळत नाहीत आणि पहिल्याच ओळीला गोंधळ होतो. काहीजण पालुपदाच्या आधी ‘कारण’ म्हणतात. म्हणायचे असेल तर ते समेच्या आधीच्या चार मात्रांत बसवावे, पण मग सगळ्यांनीच म्हणावे.

17 ते 20 या ओळींपाशी लोक अडखळतात. थोर राजे मारले, अमोऱ्यांचा सीहोन, बाशानाचा ओग, आणि लगेच दया सनातन आहे. अनेक ठिकाणी या ओळी न सांगता गाळल्या जातात. मला ते पटत नाही. ऐकणाऱ्यांच्या लक्षात येते आणि प्रश्न मनातच राहतो. आधी दोन वाक्यांत सांगावे की हे गाणाऱ्या लोकांचे वाडवडील वेठबिगार होते, वाट अडवणाऱ्या राजांसमोर त्यांचा निभाव लागण्यासारखा नव्हता, आणि हे स्तोत्र त्यांच्या बाजूने बोलते. मग या चार ओळी आवाज खाली आणून, टाळी बंद ठेवून म्हणाव्यात. वेळ खरोखरच कमी असेल तर 1 ते 16 आणि 23 ते 26 अशा वीस ओळी घ्याव्यात. मिसरचा भाग मात्र काढू नये. तो काढला तर तेविसाव्या ओळीतल्या ‘आमची आठवण’ला आधारच राहत नाही.

यहुदी परंपरेत या स्तोत्राला महान हालेल म्हणतात, आणि वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री ते आजही म्हटले जाते. हे पालुपद स्तोत्रसंहितेच्या बाहेरही भेटते. एज्रा 3:11 मध्ये दुसऱ्या मंदिराचा पाया घालताना लोक याच शब्दांत गातात. पुढच्याच ओळींत आहे की पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले, आणि हर्षाचा आवाज कोणता व रडण्याचा कोणता हे लोकांना ओळखता येईना. नुकतेच कुणी गेले आहे अशा घरात हे स्तोत्र टाळायचे ठरवण्याआधी या ओळी वाचाव्यात. तिथे लय थोडी उतरवावी, टाळी नको. ज्यांना गाता येणार नाही त्यांनी नुसते बसावे. पालुपद बाकीचे उचलतात. एकत्र गाण्याचा एवढा आधार नक्की असतो.

मराठी बायबलमध्ये देवाचे असे आभार मानण्यासाठी जो शब्द आहे तो फार नेमका आहे: उपकारस्तुती. नुसत्या धन्यवादात काय मिळाले ते सांगावे लागत नाही. उपकारस्तुतीत आधी उपकार सांगायचा आणि मग स्तुती. रोजच्या बोलण्यात उपकार म्हटले की आपल्याला लगेच फेड आठवते, ओझे वाटते. स्तोत्रसंहिता 116 मध्ये हाच प्रश्न विचारला आहे, की या उपकारांचे उतराई व्हायचे कसे, आणि उत्तर येते ते तारणाचा प्याला हाती घेऊन त्याचे नाव घेण्याचे. म्हणजे आणखी घेण्याचेच. फेडीचा हिशोब तिथे मांडलेलाच नाही.

पंचविसाव्या ओळीनंतर घरच्या ओळी घालता येतात. स्तोत्राची वाक्यरचनाच वापरावी, ‘ज्याने’ने सुरुवात आणि एक क्रियापद. ‘ज्याने सर्व काही दिले’ ही ओळ म्हटली की पालुपद पुन्हा सवयीचे होते. ‘ज्याने विहिरीला मार्चअखेरपर्यंत पाणी ठेवले’ किंवा ‘ज्याने ऑपरेशननंतर आजीला सुई ओवता येईल एवढी नजर दिली’ अशी ओळ आली की मान वर होते. प्रत्येकाची एकच ओळ, दहा-बारा शब्दांची. जास्त लांबली की वाचणाऱ्याचा श्वास संपतो आणि पालुपद उशिरा उचलले जाते. लहान मुलांना ओळ आयत्या वेळी विचारू नये. जेवणाआधी कागदावर लिहून घ्यावी आणि शब्द त्यांचेच ठेवावेत. दुसऱ्याला टोमणा मारणारी ओळ (‘ज्याने अखेर अमक्याला अक्कल दिली’) घेऊ नये. कापणीच्या सणाला मंडळीतही हे करता येते. धान्य, भाजी, फळे पुढे आणून ठेवली जातात तेव्हा आणणाऱ्याने टोपली ठेवता ठेवता एक ओळ म्हणायची आणि मंडळीने पालुपद उचलायचे. फक्त रांग आधी लावून घ्यावी, नाहीतर दोन ओळींमध्ये खुर्च्यांचा आवाज आणि कुजबुज भरते आणि लय मोडते.

घरच्या ओळी झाल्या की सव्विसावी ओळ सगळ्यांनी मिळून वाचायची. तिच्यानंतरचे पालुपद पेटीशिवाय. पेटी आधीच मिटून ठेवावी, भाता बंद करताना येणारा सुस्कारा शेवटच्या ‘हे’ मध्ये मिसळू नये. मग ताटे वाढायला घ्यावीत.