कान घासलेली रायफल

एका जुन्या संग्रहाची यादी करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा दोन दिवसांचं तर काम आहे म्हणून मी हो म्हणून बसलो. आठ रायफली होत्या. संग्रह करणारे गृहस्थ वारले होते आणि त्यांच्या मुलाला कागदपत्रांसाठी तीनच रकाने भरून हवे होते: बनावट, नंबर, काडतूस. सात रायफली दीड दिवसात उरकल्या. आठवीने तीन आठवडे खाल्ले.

आठही मूळच्या लष्करी. दोन्ही महायुद्धांनंतर सैन्यांनी अशा रायफली ढिगाने मोडीत काढल्या आणि शिकारीची हौस असणाऱ्यांनी त्या उचलल्या. नळी आखूड करायची, नळीवरचं लाकूड काढून टाकायचं, संगीन अडकवायची सोय कापायची, दस्ता तासून पॉलिश करायचा, की झाली स्पोर्टिंग रायफल. बीएसए आणि पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनी हे काम शिस्तीत केलं. बाकीच्यांनी घरी बसून कानशीने केलं. १९६८ च्या कायद्याने अमेरिकेने लष्करी रायफलींची आयात थांबवेपर्यंत तिथे तर हा उद्योग जोरात होता. आज तीच रायफल न कापलेल्या अवस्थेत मिळावी म्हणून लोक जीव टाकतात. असो.

माझ्याबरोबर एक म्हातारे गनस्मिथ होते. मी त्यांना काका म्हणतो. त्यांचा एक नियम आहे: हातात घेतली की आधी बोल्ट, म्हणजे मागचा सरकता खिट्टा, उघडायचा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून बघायचं, आणि त्यानंतर नावगाव विचारायचं. आठही वेळा त्यांनी हे केलं. मी तिसऱ्या रायफलीला विसरलो, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि काही न बोलता पुन्हा माझ्यापुढे धरली.

तीन ली-एनफिल्ड होत्या. त्या ओळखणं सोपं असतं, कारण दस्ता जिथे अॅक्शनला, म्हणजे रायफलीच्या मधल्या यंत्रभागाला, मिळतो तिथल्या लोखंडी कड्यावर उजव्या बाजूला सगळी कुंडली कोरलेली असते: मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल. बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या जुन्या रायफलीवर जी.आर.ऐवजी जी.आर.आय. असतं. लाकूड कितीही बदला, हे कडं कुणी तासत नाही. एकीच्या बाबतीत जुन्या वहीत नंबर लिहिला होता ‘२२२२-१८५’. मला तो काही केल्या रायफलीवर सापडेना. शेवटी नळीवर भिंग धरलं तर २.२२२ आणि १८.५ टन असे आकडे. ब्रिटिश प्रूफ हाऊसचा, म्हणजे बंदुकांची दाब-चाचणी घेणाऱ्या संस्थेचा, शिक्का होता तो. २.२२२ इंच ही थ्री-नॉट-थ्रीच्या पितळी केसची लांबी आणि १८.५ टन हा दर चौरस इंचावरचा दाब. कुणीतरी वर्षानुवर्षं तोच रायफलीचा नंबर समजत होतं. खरा नंबर दुसरीकडेच होता.

तिन्हींतल्या एकीचं मॅगझिन जरा चौकोनी दिसलं. वहीत तिलाही थ्री-नॉट-थ्रीच म्हटलं होतं. ती निघाली इशापूरची २ए, १९६० च्या दशकातली, मुळातच ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवलेली. दिसायला बहीण, पण काडतूस वेगळं. ही दुरुस्ती केल्यावर मला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागलं, आणि त्याचा हिशोब पुढे चुकता झाला.

दोन माऊजर होत्या. एकीच्या रिंगवर, म्हणजे नळी जिथे अॅक्शनमध्ये बसते त्या गोल भागावर, ‘बीएनझेड’ ही अक्षरं शाबूत होती. हा जर्मनांचा युद्धकाळातला श्टायर कारखान्याचा संकेत. दुसरीच्या रिंगवरचं राजचिन्ह घासून सपाट केलेलं. तिथे काकांनी उलटी करून खालच्या दोन मुख्य स्क्रूंच्या मधलं अंतर मोजायला लावलं. नेहमीच्या ९८ माऊजरमध्ये ते १९९ मिमीच्या आसपास भरतं. इथे साडेपाच मिमी कमी भरलं. म्हणजे मधल्या लांबीची अॅक्शन, युगोस्लाव्हियाच्या एम २४ आणि एम ४८ च्या घराण्यातली. सहावी स्वीडिश, ६.५×५५, रिंगवर कारखाना आणि साल दोन्ही छान वाचता येणारं. सातवी स्प्रिंगफील्ड १९०३, नंबर ८ लाखांच्या आतला. त्या काळातल्या स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या रिसीव्हरना, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यांना, उष्णता देण्याच्या पद्धतीत खोट होती, काही फुटलेही, म्हणून इतक्या जुन्या नंबरची रायफल झाडू नये असंच सांगतात. तिच्यापुढे लाल शाईने ‘फक्त संग्रहासाठी’ लिहिलं.

मग आठवी. वहीत एकच शब्द: ‘माऊजर’. काडतुसाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह.

देखणी होती. गडद अक्रोडाचा दस्ता, वर दुर्बीण, नळी गुळगुळीत, कुठे एक अक्षर नाही. बोल्ट काढला. पुढे दोन लग, म्हणजे बोल्ट अडकवून धरणारे उंचवटे, बाजूला केस ओढून काढणारा लांबलचक पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर, बोल्ट उचलताना स्प्रिंग ताणली जाते. माऊजर ९८ चीच ही सगळी लक्षणं. मी लिहून मोकळाही झालो. काकांनी बोल्ट हातात फिरवला आणि विचारलं, “तिसरा लग कुठाय रे?”

९८ च्या बोल्टवर मागच्या बाजूला एक जादा लग असतो, पुढचे दोन तुटलेच तर आधाराला. इथे तो नव्हता. बोल्टच्या दांडीचं मूळच रिसीव्हरच्या खाचेत बसत होतं आणि तिसऱ्या लगचं काम तेच करत होतं. शिवाय सेफ्टी बोल्टच्या शेपटीवर नव्हती, दांडीच्या मागे उजवीकडे रिसीव्हरवर होती. माऊजरमध्ये असं नसतं. “पण स्प्रिंग तर उघडताना ताणली जाते,” मी म्हणालो. एनफिल्ड घराण्यात ती बोल्ट बंद करताना ताणली जाते, एवढं मलाही माहीत होतं. काका म्हणाले, “ते बदलायचे सुटे भाग मिळायचे. कुणीतरी हौसेनं बसवलेत. ज्याला बदलता येतं त्याच्यावर कशाला विश्वास ठेवायचा?”

त्यांनी रिसीव्हरचा मागचा पूल खिडकीच्या उजेडात तिरका धरला. निळ्या-काळ्या पॉलिशमध्ये एक लांबट डाग दिसला, आजूबाजूपेक्षा किंचित जांभळट. तिथे कधीतरी खड्डा होता आणि तो लोखंडाने भरला होता. मग मला कळलं. एनफिल्ड घराण्यातल्याच पॅटर्न १४ आणि तिच्या अमेरिकन भावंडावर, म्हणजे एम १९१७ वर, मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) दोन्ही बाजूंना उंच पाती असतात. त्यांना सगळे कानच म्हणतात. दुर्बीण बसवायची तर हे कान आड येतात, म्हणून जो तो आधी कान उडवायचा, वरून गोल घासायचा, आणि साइटखालचा खड्डा बुजवायचा. हिचेही कान असेच गेले होते.

आता दोघींपैकी कोणती, हा प्रश्न. पॅटर्न १४ ब्रिटिशांसाठी थ्री-नॉट-थ्रीत बनली. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली, तेव्हा विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टन या त्याच तीन कारखान्यांनी तेच डिझाइन ०.३०-०६ काडतुसासाठी बदललं आणि वीस लाखांहून जास्त एम १९१७ काढल्या. कान नाहीत, नळी कापलेली, लाकूड नवं, मग दोघींना वेगळं करणार कसं? एम १९१७ च्या रिंगवर मॉडेलचं नाव ठसठशीत असतं. पॅटर्न १४ वर फक्त कारखान्याची अक्षरं आणि नंबर. आमच्या रिंगवर दुर्बिणीची पुढची बैठक स्क्रूने आवळलेली.

ती काढायला चार दिवस गेले, कारण स्क्रू गंजाने धरले होते आणि काकांना घाई नव्हती. रोज थोडं तेल. चौथ्या दिवशी सुटले. खाली ‘ईआरए’ ही अक्षरं आणि मागे आकडे, त्यातल्या एका आकड्याच्या बरोब्बर पोटातून स्क्रूचं भोक आरपार पाडलेलं. तो तीन होता की आठ हे आजही सांगता येत नाही. पण ईआरए म्हणजे एडिस्टन, आणि मॉडेलचं नाव कुठे नाही. पॅटर्न १४.

मालकांचा मुलगा खूश झाला. “म्हणजे थ्री-नॉट-थ्री! दादा, एक काडतूस आहे आपल्याकडे. बसतंय का बघूया?” काकांनी बोल्ट उचलून सरळ खिशात टाकला. काडतूस चेंबरमध्ये शिरलं म्हणजे ते त्याचंच असतं असं नाही, आणि चुकीचं काडतूस उडालं तर काय होतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मुलाचा चेहरा उतरला.

नळीबद्दल मला एक खटकत होतं. पॅटर्न १४ च्या मूळ नळीत गोळीला फिरवणाऱ्या पाच खाचा असतात आणि पीळ डावा. सफाईच्या दांडीला घट्ट चिंधी लावून पुढे ढकलली की दांडीची मूठ पिळाबरोबर फिरते. आमची मूठ उजवीकडे फिरली. पुन्हा केलं, पुन्हा उजवीकडे. उजेडात खाचा मोजल्या तर चार. मऊ शिशाचा गोळा हळूहळू ढकलत नळीतून पार काढला आणि मोजला: ७.८२ मिमी. थ्री-नॉट-थ्रीला ७.९ च्या वर हवं. म्हणजे नळीच मूळची नव्हती.

चेंबरचा साचा घेणं हा एकच मार्ग उरला. त्यासाठी सेरोसेफ नावाची मिश्रधातू असते. ती उकळत्या पाण्याच्या आतच वितळते. चेंबर पुसून कोरडं केलं, नळीत चेंबरच्या जरा पुढे चिंधीचा बोळा बसवला, रायफल तोंड खाली करून उभी धरली आणि काकांनी छोट्या पळीने मागून धातू ओतला. त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, म्हणून खिडक्या उघड्या आणि हातमोजे. हा धातू थंड होताना आधी आकसतो आणि मग फुगतो, म्हणून अर्ध्या तासाच्या आत दांडीने ढकलून बाहेर काढायचा. मापं मात्र सुमारे तासाभराने घ्यायची, तेव्हा तो चेंबरच्या खऱ्या मापाला येतो. काढल्याबरोबर मी कॅलिपर लावायला गेलो, तर काकांनी साचा टेबलाच्या पलीकडे सरकवला आणि घड्याळ समोर ठेवलं.

करंगळीपेक्षा थोडी जाड, चंदेरी, लांब निमुळती कांडी होती ती. बुडाशी एक उंचावलेला पट्टा, १३.५ मिमी. म्हणजे मॅग्नम, जास्त ताकदीचं काडतूस. अंग बुडाकडे १३ मिमी आणि खांद्याशी, म्हणजे केस जिथे मानेकडे निमुळतं होतं तिथे, साडेअकरा, आणि खांदा इतका हलका की नखानेच कळावा. केसची लांबी ७२ च्या थोडी वर. विंचेस्टरचं ०.३०० मॅग्नम असतं तर लांबी ६६-६७ वर संपली असती आणि खांदा चांगला उभा असता. वेदरबीचं असतं तर अंग खांद्यापर्यंत जाडच राहिलं असतं. हे हॉलंड अँड हॉलंडचं ०.३०० मॅग्नम होतं, १९२५ चं काडतूस.

मग पॅटर्न १४ च का निवडली असेल, तेही उलगडलं. थ्री-नॉट-थ्रीची कड १३.७ मिमीची, म्हणून तिच्या बोल्टच्या तोंडात मॅग्नमचं बूड जवळजवळ बदल न करता बसतं. एम १९१७ चं तोंड १२ मिमीच्या केससाठी, ते खोदून मोठं करावं लागतं. त्यात अॅक्शन लांब आणि दणकट. ज्याने कुणी हे केलं त्याला पक्कं माहीत होतं आपण काय करतोय. फक्त नळीवर काडतुसाचं नाव ठोकायचं तेवढं त्याने केलं नाही, आणि त्याबद्दल काका त्या अनोळखी माणसाला अजूनही शिव्या घालतात.

वहीत मी ‘माऊजर’वर रेघ मारली. लिहिलं: पॅटर्न १४, एडिस्टन, नळी बदललेली, ०.३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) तपासल्याशिवाय वापरू नये. नंबरातल्या एका आकड्याच्या जागी टिंब. साचा एका डबीत घालून ट्रिगर गार्डला चिठ्ठीसकट बांधला. मुलाने कपाटातलं ते एकुलतं काडतूस उचललं आणि दोन ली-एनफिल्ड होत्या त्या खणात नेऊन ठेवलं.