सांत इनेजनंतर रायबंदर, आणि ते पायी नको: पाद्री आल्वारिस यांच्या शोधात दोन दिवस

सरळ सांगतो. एकोणिसाव्या शतकात रोमशी नातं तोडणारे गोव्याचे पाद्री आल्वारिस, त्यांची समाधी पणजीच्या सांत इनेज दफनभूमीत आहे असं कुठे वाचून निघाला असाल, तर थांबा. तिथे त्यांच्या नावाची संगमरवरी फरशी आहे, पण ते तिथे नाहीत. त्यांच्या अस्थी रायबंदरच्या सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स सीरियन चर्चमध्ये आहेत. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर माझा अख्खा शनिवार पावसात गेला नसता.

सुरुवात करमळी स्टेशनपासून करतो, कारण फसगत तिथूनच सुरू झाली. मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येने निघालो. सप्टेंबर असल्यामुळे पावसाळी वेळापत्रक होतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्यामुळे पोचायच्या वेळेचे हिशेब सैल ठेवा. स्टेशनबाहेर एक टॅक्सी उभी होती. पणजीचे बाराशे सांगितले. अंतर अकरा-बारा किलोमीटर! घासाघीस करून हजारावर आला. पाऊस धो धो, पाठीवर सॅक, बसलो. बोलता बोलता मी आल्वारिस यांचं पूर्ण नाव सांगितलं, आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस, आणि त्यांच्या समाधीला जायचंय म्हणालो. त्याने त्यातलं फक्त "फ्रान्सिस्को झेवियर" ऐकलं.

"गोंयच्या सायबाक पळोवंक आयलात न्हय?" (गोव्याच्या सायबाला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरला, बघायला आलात ना?) म्हणत त्याने गाडी थेट जुन्या गोव्यात झेवियरचं शव ठेवलेल्या बॉम जेझू चर्चच्या दारात नेऊन उभी केली. मी नाही नाही म्हणत होतो, तो हसून मान डोलावत होता. गैरसमज निस्तरेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि पणजीला उतरताना त्या वीस मिनिटांचे "वेटिंग"चे तीनशे वेगळे लावले. तेराशे रुपये. ज्या प्रवासाला जुन्या गोव्यातून कदंबाच्या, म्हणजे सरकारी, बसने फार तर वीस-पंचवीस रुपये लागतात! ही गोष्ट मी घरी आल्यावर प्रत्येकाला सांगितली आहे आणि इथेही सांगणार. करमळीला टॅक्सी घेऊ नका. पाऊस कितीही असो, स्टेशनबाहेर मोटरसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाला) मिळाला तर त्याच्या मागे बसा, नाहीतर सॅक उचलून जुन्या गोव्यापर्यंत चाला, दोन-तीन किलोमीटर आहे. तिथून बस धरा. आणि कुणालाही त्यांचं पूर्ण नाव सांगू नका, "पाद्री आल्वारिस" एवढंच म्हणा.

एवढा आटापिटा कशासाठी, ते सांगायला हवं. आल्वारिस वेर्ण्याचे, जन्म १८३६चा. गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालचे कॅथलिक पाद्री. पणजीत गोरगरिबांसाठी काम केलं, पटकीवर काय उपचार करायचे याची पुस्तिका काढली, वर्तमानपत्रं चालवली आणि त्यांतून सरकारला आणि चर्चच्या वरिष्ठांना दोघांनाही बोल लावले. त्या काळी हिंदुस्थानातल्या कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या. एक पोर्तुगीज राजाच्या जुन्या हक्काची, म्हणजे पाद्रोआदो, आणि दुसरी थेट रोमची, म्हणजे प्रोपागांदा. मुंबईत तर एकाच शहरात दोन्हींची वेगवेगळी चर्चेस होती. १८८६ साली पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगालचा राजा यांच्यात करार झाला आणि ब्रिटिश मुलखातली बरीच चर्चेस पाद्रोआदोच्या हातून गेली. मुंबईतल्या गोवेकरांनी डॉ. लिस्बोआ पिंतो आणि आल्वारिस यांना पुढे करून विरोध केला, अर्ज-विनंत्या केल्या. कुणी दाद दिली नाही. तेव्हा आल्वारिस यांनी रोमशी नातंच तोडलं. ते केरळात मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चकडे, म्हणजे पोपला न मानणाऱ्या जुन्या सीरियन परंपरेच्या चर्चकडे गेले आणि १८८९ साली कोट्टयमला त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. नाव मिळालं मार ज्यूलियस. १८९२ मध्ये त्यांनी कोलंबोला अमेरिकेत काम करणारे फ्रेंच पाद्री रेने विलात यांना बिशपपदाची दीक्षा दिली, तो धागा पुढे अमेरिकेपर्यंत गेला. १८९५ साली पणजीत बिशपचा पोशाख घातला म्हणून पोलिसांनी त्यांना पकडलं.

ल्यूथरचं नाव आपल्याकडे शाळकरी पोरांना माहीत असतं. वेर्ण्याच्या या माणसाचं नाव गोव्यात चार जणांना विचारलं, चौघांनी नकार दिला. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

आता सांत इनेज. दफनभूमी शहरातच आहे, पणजी बसस्टँडवरून पायलटने दहा मिनिटं. आत गेलात की रांगाच रांगा, पावसाने सगळीकडे शेवाळ. साधे शूज घालून गेलात तर घसरणार, पकड असलेले घाला. मी तासभर फिरलो. शेवटी एका गड्याने हाताने दिशा दाखवली. मुख्य रांगांपासून बाजूला, कोपऱ्याकडे. १९२३ साली २३ सप्टेंबरला रायबंदरच्या इस्पितळात आल्वारिस वारले. शेवटच्या दिवसांत परत कॅथलिक व्हा म्हणून त्यांना गळ घातली गेली, ते बधले नाहीत. पालिकेच्या सभागृहात देह दर्शनाला ठेवला, लोक लोटले, पणजीच्या रस्त्यांवरून मोठी अंत्ययात्रा निघाली. आणि एवढं होऊन दफन मात्र धार्मिक विधीविना, इथे बाजूच्या कोपऱ्यात. चार वर्षांनी चाहत्यांनी अस्थी शिशाच्या पेटीत घालून वर ही फरशी बसवली. तिच्यावर पोर्तुगीजमध्ये कोरलेलं आहे की ते थोर परोपकारी मिशनरी आणि मोठे देशभक्त होते. नावाआधी 'पाद्रे' आहे. बिशप म्हटलेलं नाही, आणि ज्या पदासाठी ते तुरुंगात गेले ते पद नेमकं दगडावर नाही. मी हाताने अक्षरांवरचं शेवाळ पुसलं तेव्हा बोटाला 'पाद्रे'मधल्या 'P'ची कड लागली आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मेणबत्ती लावायला काडेपेटी काढली तर ती भिजून लगदा झालेली.

त्याच गड्याने सांगितलं, "हांगा फकत फातर उरला. हाडां रायबंदर व्हेलीं." म्हणजे इथे फक्त दगड उरलाय, हाडं रायबंदरला नेली. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

पुढची चूक माझी. टॅक्सीचा राग डोक्यात होता, म्हणून ठरवलं, आता रायबंदरला चालतच जायचं. नकाशावर सरळ रेघ दिसते. ती रेघ म्हणजे जुना बांध, पोंते द लिन्यारेस, १६३३-३४ साली बांधलेला, तीन किलोमीटरहून जास्त लांब, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. फोटोत देखणा दिसतो. पायी जाणाऱ्याला मात्र जागा फारच कमी. समोरून बस आली की कठड्याला चिकटून उभं राहायचं, ती गेली की गुडघ्यापर्यंत चिखलपाणी. छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी झाली. मध्ये आडोसा नाही, टपरी नाही, झाड नाही. सव्वा तास लागला मला. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणारा माणूस आहे मी, पण या सपाट रस्त्यावर जेवढा वैतागलो तेवढा कुठल्या घाटवाटेवर वैतागलो नाही. चालू नका. पणजी स्टँडवरून जुन्या गोव्याची बस घ्या, पण चढण्यापूर्वी "रायबंदरांतल्यान वता?" (रायबंदरवरून जाते का?) एवढं विचारा, कारण बऱ्याच बसेस बायपासने जातात आणि तुम्ही परत जुन्या गोव्यात उतराल. छत्री आणू नका, रेनकोट आणा.

रायबंदरला पोचलो तेव्हा चर्चचं दार बंद होतं. शेजारच्या घरातल्या आजींनी माझा अवतार बघितला आणि "बस रे पुता" म्हणून ओसरीवर बसवलं, टॉवेल दिला. त्यांनी सांगितलं, रविवारी सकाळी ये, लोक असतात. म्हणून मुक्काम वाढवला. तुम्ही पहिल्यापासून रविवारच धरून या. पंचवीस मिनिटांच्या कामासाठी मला एका रात्रीचं लॉजचं भाडं जास्तीचं पडलं.

रविवारी सकाळी चर्च उघडं होतं. बहुतेक मंडळी मल्याळी, प्रार्थना संपल्यावर एका काकांनी स्वतःहून जवळ येऊन विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं मुंबईहून, आल्वारिस यांच्यासाठी. त्यांनी काही न बोलता माझा हात धरला आणि समाधीपाशी नेलं. त्यांच्याच काडेपेटीने मेणबत्ती लावली. आदल्या दिवशीची सगळी चिडचिड तिथे उतरली, खोटं कशाला सांगू. फुलपँट घालून जा, बर्मुडा नको. फोटो विचारून काढा, मला नाही म्हणाले नाहीत. बाहेर पडल्यावर मांडवीच्या काठाने थोडं चाललात तर जुन्या इस्पितळाची इमारत लागते. तिथूनच जवळ चोडण बेटाची फेरीबोट आहे.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी कर्नाटकात उडुपीजवळचं ब्रह्मावर करावं. मडगावहून रेल्वेने उडुपी, तिथून कुंदापूरच्या दिशेच्या कुठल्याही बसने तेरा-चौदा किलोमीटर. बारकूर स्टेशन जवळ पडतं, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, तो नाद नको. आल्वारिस आणि फादर रॉक झेफरिन नोरोन्हा यांच्यामागे गेलेले कोकणी बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तिथे आजही आहेत, मोठं कॅथेड्रल आहे. सगळं सुरळीत झालं, लोक चांगले, जेवण उत्तम. सांगण्यासारखी अडचण एकही नाही.

क्रम असा ठेवा: शनिवारी दुपारी सांत इनेज, रविवारी सकाळी सातच्या सुमारास बसने रायबंदर, रात्रीच्या गाडीने उडुपी. मेणबत्त्या पणजीच्या बाजारातून आधी घेऊन ठेवा, रायबंदरला मला कुठे दिसल्या नाहीत. आणि काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवा.