तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा बदलू का?

‘कॅमेरा जुना झालाय, हातात पैसे बेताचे आहेत. नवा घेऊ, की आहे त्यातच भागवू?’ हा प्रश्न मला सतत येतो. त्यामागे बहुतेक वेळा कुणाची तरी बरीच दिवस साठवलेली रक्कम असते, म्हणून मी चटकन हो किंवा नाही म्हणत नाही. उलट विचारते, बिघडलेले फोटो ठेवलेत का?

माझा कॅमेरा निकॉन डी९०. २००८ सालचं मॉडेल, १२ मेगापिक्सेलचं. मध्यंतरी मलाही तो बदलायचे वेध लागले होते, तेही एका फोटोपायी. आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. दुपार कलली होती. दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करून तिने सुई उजेडासमोर धरली आणि मी बटण दाबलं. फोटोत खिडकीची चौकट स्वच्छ, आईचा चेहराही बरा. बोटं मात्र पुसट आणि दोरा धुरासारखा पसरलेला.

रात्री त्या फोटोची माहिती उघडली. झूम १०५ मिलिमीटरवर, लेन्सचं छिद्र एफ ५.६ (हा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १६००, शटर उघडं राहिलं सेकंदाचा विसावा भाग. लेन्समधल्या स्थिरीकरणाने माझ्या हाताची थरथर सांभाळली होती, आईच्या बोटांची हालचाल ते कशी थांबवणार? बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा, दोष नव्हताच. उजेड आत कमी येत होता, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहत होतं.

मग मी नव्या बॉडीचा विचार सोडून कुणीतरी वापरलेली ५० एमएम एफ १.८ लेन्स घेतली. एफ ५.६ पेक्षा एफ १.८ वर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. म्हणजे त्याच खिडकीत, त्याच आयएसओवर, विसाव्याऐवजी सेकंदाचा दोनशेवा भाग. झूम नसल्यामुळे मला दोन पावलं पुढे जावं लागलं, आणि पहिल्याच दिवशी कळलं की इतक्या जवळून एफ १.८ वर सुईचं नेढं धारदार येतं, पण छिद्र एवढं मोठं असलं की मागचं पुसट होतं आणि आईचे डोळे विरघळतात. शेवटी एफ २.८ वर, सेकंदाच्या ऐंशीव्या भागात जमलं. दोऱ्याचे पीळसुद्धा दिसतात त्यात. तो फोटो मला फार प्रिय आहे.

मेगापिक्सेलसाठी तर अजिबात धावू नका. १२ चे २४ झाले की फोटो दुप्पट मोठा होतो असं वाटतं. प्रत्यक्षात रुंदी ४२८८ पिक्सेलवरून ६००० वर जाते, जेमतेम १.४ पट. इंचाला ३०० ठिपके धरले तरी डी९०चा फोटो १४ इंच रुंद छापता येतो.

पण एका मित्राला मी स्वतःहून म्हटलं, ‘तू घेच.’ तो उडते पक्षी टिपतो. त्याच्या डी९०सारख्याच जुन्या कॅमेऱ्यात फोकस पकडणारे बिंदू ११, तेही चौकटीच्या मध्याकडे. पक्षी कडेला सरकला की पकड सुटते. त्याचे बिघडलेले फोटो आम्ही शेजारी बसून पाहिले. शटर पुरेसं वेगवान, उजेड भरपूर, हात पक्का, आणि तरी पुन्हा पुन्हा तीच चूक. तिथे शिकून किंवा लेन्स बदलून भागत नाही.

घ्यायचं ठरलंच, तर जुन्या लेन्सचं काय होणार ते आधी बघा. माझी ५० एमएम ‘डी’ प्रकारची आहे, फोकस फिरवणारी मोटर तिच्यात नसून कॅमेऱ्यात असते. निकॉनच्या झेड या नव्या मालिकेतल्या कॅमेऱ्यावर ती एफटीझेड अडॅप्टरने, म्हणजे जुन्या लेन्स जोडणाऱ्या कड्याने, बसेल, पण फोकस हातानेच करावा लागेल. वापरलेली बॉडी घेत असाल तर शटर किती वेळा चाललंय ते विचारा, आणि एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून बघा. सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, धूळ असली की काळे ठिपके उमटतात.

डी९०चं शटर १ लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. माझं ८० हजारांच्या पुढे गेलंय. ते थांबेल तेव्हा मी कुणीतरी वापरलेला निकॉनचाच डी७२०० शोधेन. त्याच्या बॉडीत मोटर आहे, म्हणजे ही लेन्स माझ्याकडेच राहील.